पुणतांब्याचा संप आणि ‘सामाजिक उद्योजकते’ची भाषा

‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. विद्यापीठांत त्याचे अभ्यासक्रम निघाले, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या अहवालांत तो पानोपानी येतो आणि ग्रामीण विकासावरच्या परिसंवादात तो उच्चारला गेला नाही तर वक्त्याची तयारी कमी पडली असे श्रोत्यांना वाटते. या शब्दाबरोबर उदाहरणांची एक यादीही ठरून गेली आहे: राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक, मोहाडीची सह्याद्री फार्म्स. यादीतले प्रत्येक काम मोलाचे आहे. त्यातली पहिली तीन एकट्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातली आहेत. याच जिल्ह्यातले एक गाव मात्र या यादीत कधी येत नाही. ते म्हणजे राहाता तालुक्यातले, गोदाकाठचे पुणतांबा.

न येण्याचे कारण उघड आहे. पुणतांबा महाराष्ट्राला ठाऊक झाले ते संपामुळे. १ जून २०१७ पासून शेतकऱ्यांनी दूध आणि भाजीपाला शहरांना पाठवायचा नाही, असा निर्णय या गावाच्या ग्रामसभेने एप्रिलमध्ये घेतला आणि बघता बघता तो राज्यभर पसरला. यशोगाथांच्या यादीत संपाला कुठली जागा? माझे म्हणणे असे की, त्या यादीवरचा आजवरचा सर्वांत गंभीर अभिप्राय पुणतांब्याच्या संपानेच नोंदवला आहे. ‘स्थानिक पुढाकारातून शाश्वत तोडगा’ असे आपण सहज म्हणून जातो. हा तोडगा नेमक्या कोणत्या प्रश्नावरचा आणि तो फसला तर तोटा कोणाच्या माथी, हे विचारायचे राहून जाते. पुणतांबा समोर ठेवले की ते विचारावेच लागते.

संपाने काय सांगितले

संपाची पार्श्वभूमी थोडक्यात आठवू. २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे लागोपाठ दुष्काळाची गेली. २०१६ ला पाऊस चांगला झाला, पिके भरघोस आली आणि भाव कोसळले. तुरीचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. खरेदी केंद्रांपुढे पोती पडून राहिली. त्यातच नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि रोखीवर चालणारा शेतमालाचा बाजार गारठला. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने साहजिकच विचारले, आम्ही काय घोडे मारले?

म्हणजे हा संप दुष्काळातला नव्हता. तो सुगीनंतरचा होता. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण ग्रामीण भागासाठी आपण जे ‘शाश्वत तोडगे’ सुचवतो ते बहुतेक सगळे पिकत नाही या दुखण्यावरचे असतात: पाणी अडवा, माती धरून ठेवा, सुधारित बियाणे वापरा. पुणतांब्याचा पट्टा गोदावरीच्या कालव्यांचा, उसाचा, दुधाचा. तिथे पिकते. पिकल्यानंतर काय, या प्रश्नावर तिथला शेतकरी अडला होता.

मागण्या पाहिल्या तर हेच दिसते. सरसकट कर्जमाफी, उत्पादन खर्चाच्या दीडपट हमीभाव, दुधाला लिटरमागे ५० रुपये, साठी उलटलेल्या शेतकऱ्याला निवृत्तिवेतन. वीज सोडली तर जवळपास सारा रोख भाव आणि उत्पन्नाकडे होता. २ जूनच्या रात्री मुख्यमंत्र्यांशी बोलणी झाली आणि ३ जूनच्या पहाटे संप मागे घेतल्याचे जाहीर झाले. ते अनेकांना मान्य झाले नाही. आंदोलनाचा मध्य नाशिककडे सरकला, सुकाणू समिती स्थापन झाली. शेजारच्या मध्य प्रदेशात पेटलेल्या आंदोलनात ६ जूनला मंदसौर इथे गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. २४ जूनला महाराष्ट्र सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल असे सांगितले. प्रत्यक्षात ऑनलाइन अर्ज, निकष आणि छाननी यांतून वाटप त्या आकड्याच्या बरेच मागे राहिले. दुधाच्या खरेदी दरात तीन रुपयांची वाढ झाली, गाईच्या दुधाचा दर २४ वरून २७ रुपये ठरला. तोही सगळीकडे मिळाला नाही. राज्यातले बहुतेक दूध खासगी डेअऱ्या घेतात, त्यांच्यावर तो बंधनकारक नव्हता. आणि अनेक सहकारी संघांनीही परवडत नसल्याचे सांगून हात वर केले. डिसेंबर २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा कर्जमाफी झाली. जून २०२२ मध्ये पुणतांब्याचे शेतकरी पुन्हा धरण्यावर बसले. पाच वर्षांत दोन कर्जमाफ्या होऊनही त्याच गावाला त्याच मागण्यांसाठी बसावे लागले, यातच पहिल्या तोडग्याचे मूल्यमापन आले.

संप या हत्याराची मर्यादाही इथे स्पष्ट होते. महाराष्ट्राला शेतकऱ्यांचा संप नवा नव्हता. अलिबागजवळच्या चरी गावचा संप १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि सहा वर्षे चालला. कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. तिथे नकार देणारा कुळ होता आणि पडीक राहणारी जमीन खोताची होती. तोटा दोघांचाही झाला, पण खोताला तो टाळता येत नव्हता. पुणतांब्यात नकार देणारा स्वतःच मालक होता. रस्त्यावर ओतलेले दूध त्याचेच, सडणारी भाजी त्याचीच. सोबत त्याच्या शेतावरच्या मजुराची रोजीही बुडाली, आणि ती कुठल्या मागणीपत्रात नव्हती. शहरातल्या ग्राहकाने आठवडाभर पावडरचे दूध वापरले. गाय मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध देतेच, ती संपात उतरत नाही.

म्हणून मी या संपाकडे आर्थिक दबावापेक्षा निदान म्हणून पाहतो. नाशवंत माल, साठवणूक नाही, प्रक्रिया नाही, वजनकाटा आणि दूध तपासायचे यंत्र खरेदीदाराचे, आणि दर ठरताना शेतकरी खोलीबाहेर. संपाने हे सगळे एका आठवड्यात लखख दाखवले. ते दुरुस्त करणे मात्र संपाच्या आवाक्यातले नव्हते.

याच मातीतली जुनी उत्तरे

गंमत अशी की, हे निदान आणि त्यावरचे एक उत्तर, दोन्ही पुणतांब्याच्या परिसरातच पूर्वी होऊन गेले आहेत. १८७५ मध्ये सुप्यात सुरू झालेले दख्खनचे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे जाळले. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा हे सरकारचे त्यावरचे तातडीचे उत्तर आणि १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा हे लांबचे. उठाव आणि संस्था यांच्यामध्ये जवळजवळ तीस वर्षे गेली.

विसाव्या शतकात कालव्यांचे पाणी आले तसे या भागात खासगी साखर कारखाने आले. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी आणि खुद्द पुणतांब्याजवळ चांगदेवनगरचा कारखाना. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मालक आपल्याच जमिनीकडे कुंपणाबाहेरून पाहू लागला. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या जमिनी कारखान्यांकडून काढल्या, पण त्या गेल्या १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे. खंडकऱ्यांना त्या परत मिळू लागायला २०१२ उजाडावे लागले. चांगदेवनगरचा मळा याच इतिहासाचा भाग आहे. बाहेरून भांडवल आले, उद्योग उभा राहिला, रोजगार मिळाला आणि तरीही स्थानिक माणूस तीन पिढ्या दाद मागत राहिला. ‘गुंतवणूक आली की विकास होतो’ असे म्हणणाऱ्यांनी ही एक ओळ तरी लक्षात ठेवावी.

दुसरे उत्तर लोणीचे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली आणि पुढे पाव शतकाने, १९४८ च्या अखेरीस, प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम झाला. आज ज्याला सामाजिक उद्योग म्हणतात त्याची सगळी लक्षणे इथे होती: उत्पादकांची मालकी, एक सभासद एक मत, नफ्याचा परिसरातच विनियोग, शाळा, दवाखाने. शब्द तेवढा तेव्हा नव्हता.

मात्र प्रवरेची गोष्ट सांगताना एक काटछाट नेहमी होते. एक द्रष्टा शेतकरी, एक निःस्वार्थी अर्थतज्ज्ञ आणि घामाचे पैसे शेअरमध्ये घालणारे सभासद, एवढेच चित्र उरते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले होते, त्यामुळे पाणी होते. राज्य सरकारचे भागभांडवल होते, नव्याने निघालेल्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनचे कर्ज होते. साखरेला संरक्षित बाजारपेठ होती. यातला एकही आधार गावाने उभा केलेला नव्हता. गावाने उभी केली ती संस्था, आणि ती उभी करणे फार अवघड होते हे खरेच. पण स्थानिक पुढाकार आणि सार्वजनिक भांडवल हे एकमेकांचे वैरी आहेत, हे आजचे गृहीतक प्रवरेच्या इतिहासात कुठेच सापडत नाही. ज्यांना हे उदाहरण जुने वाटेल त्यांनी सामाजिक उद्योगाचे दैवत मानल्या गेलेल्या बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेकडे पाहावे. तीसुद्धा १९८३ मध्ये सरकारी अध्यादेशाने बँक झाली.

सहकाराचे पुढे काय झाले हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण ‘राजकारण शिरले आणि सहकार बुडाला’ हे सरधोपट वाक्य मला पटत नाही. बी. एस. बाविस्कर यांनी याच भागातल्या कोपरगाव सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास केला. त्यांचे ‘द पॉलिटिक्स ऑफ डेव्हलपमेंट’ १९८० मध्ये आले. पुणतांबा तेव्हा कोपरगाव तालुक्यातच होते. कारखान्यातले राजकारण बाहेरून शिरलेला रोग नसून या संस्थेच्या जगण्याचाच भाग आहे, हे त्या अभ्यासातून जाणवते. निवडणुकीत हरण्याची भीती असते तोवर संचालकाला लहान सभासदाचा ऊस वेळेवर तोडावा लागतो. ही भीती संपली, बिनविरोध निवड ही शोभा मानली जाऊ लागली, तिथून संस्थेचा कस उतरला. सहकारात राजकारण जास्त झाले यापेक्षा सभासदाचे राजकारण कमी झाले, असे मी म्हणेन.

आणखी एक उणीव पायातच होती. सभासदत्व उसाशी आणि ऊस जमिनीशी बांधलेला. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून दोन एकरवाला आणि चाळीस एकरवाला दोघांनाही कारखान्याची सारखीच निकड होती. या समान निकडीवर सहकार उभा राहिला, हे डोनाल्ड ॲटवूड यांच्यासारख्या अभ्यासकांनी नीट दाखवले आहे. पण ज्याला जमीनच नाही, जो बीडहून कोयता घेऊन येतो, जी बाई गोठ्यात दिवसाचे चार तास घालते आणि जिचे दूध नवऱ्याच्या खात्यावर जाते, ती माणसे या समान निकडीच्या वर्तुळाबाहेर राहिली.

तीन कसोट्या

आता आजच्या भाषेकडे येऊ. एखादा उपक्रम ‘स्थानिकांनी चालवलेला’ आहे की नाही, हे ठरवायला मी तीन प्रश्न विचारतो. मालमत्ता कोणाच्या नावावर आहे? नियम बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि वर्ष वाईट गेले तर तोटा कोण सोसतो? अहवालांत बहुधा चौथ्याच प्रश्नाचे उत्तर असते: लाभार्थी किती?

विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत या कसोट्यांवर तपासून पाहा. पुण्याचा हा कारखानदार अभियंता १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेला. त्याने आणि गावकऱ्यांनी मिळून जे नियम केले ते आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चातला वाटा लाभधारकांनी आधी भरायचा. तिन्ही प्रश्नांची उत्तरे इथे गावाकडेच येतात. तरीही पाणी पंचायत राज्यभर झाली नाही. तिचे मुख्य तत्त्व सिंचनाच्या कायद्याने उचलले नाही. लाभक्षेत्रात जमीन असेल त्याचे पाणी, ही व्यवस्था कायम राहिली. कल्पना चांगली असेल तर ती आपोआप पसरते, असे सामाजिक उद्योजकतेचे साहित्य गृहीत धरते. नायगावचा अनुभव सांगतो की हितसंबंधांना धक्का देणारी कल्पना कायद्याच्या पाठबळाशिवाय तालुक्याची वेस ओलांडत नाही.

हिवरे बाजारचे यश अशाच नियमांत आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाबद्दल खूप लिहिले गेले, पण माझ्या मते तिथला खरा शोध पाण्याचा ताळेबंद हा आहे. पाऊस किती पडला ते मोजायचे, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, मग रब्बीला काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. सिंचनासाठी कूपनलिका नाही, ऊस नाही. म्हणजे पाणलोटाची कामे हा भांडवली खर्च झाला आणि ताळेबंद हा दरवर्षीचा कारभार. बाकीच्या शेकडो गावांत भांडवली खर्च झाला, फोटो निघाले आणि पुढच्या उन्हाळ्यात कूपनलिकांनी सगळे पाणी ओढून नेले. पुणतांब्याला मात्र हिवरे बाजार जसेच्या तसे उचलता येणार नाही. हिवरे बाजारच्या पाण्याची हद्द आणि ग्रामसभेची हद्द जवळजवळ एकच आहे. गोदावरीच्या कालव्याचे पाणी नांदूर मधमेश्वरला अडते, त्याच्या वर नाशिकची धरणे आहेत, खाली जायकवाडी आहे आणि समन्यायी वाटपाचा वाद आहे. अशा पाण्याचा ताळेबंद एका ग्रामसभेला मांडता येत नाही.

कालव्याच्या गावासाठी जवळचे उदाहरण वाघाडचे आहे. दिंडोरी तालुक्यातल्या या धरणाचे पाणी टोकाच्या ओझरपर्यंत पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे कालव्यावरच्या चोवीस संस्थांचा मिळून प्रकल्प पातळीवरचा संघ झाला. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी संस्थेने गोळा करायची, वाटपाचे वेळापत्रक शेतकऱ्यांनी ठरवायचे. यात चमकदार काही नाही. पाणी मोजायची पट्टी, पाळीची यादी, थकबाकीची वही. पण टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले ते या वहीमुळे. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना अधिकार दिले. त्या कायद्याने कागदावर झालेल्या संस्था पुष्कळ आहेत. वाघाडसारख्या चालणाऱ्या थोड्या. फरक निधीचा नाही. वही लिहिणाऱ्या माणसांचा आणि ती वाचणाऱ्या सभासदांचा आहे.

राहिली सह्याद्री फार्म्स. विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी द्राक्ष उत्पादकांनी २०१० च्या सुमारास सुरू केलेली ही शेतकरी उत्पादक कंपनी आज प्रक्रिया आणि निर्यातीत मोठे नाव आहे. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, अलघ समितीच्या शिफारशींनंतर, उत्पादक कंपनीचा मार्ग खुला झाला होता. त्याचा एवढा चांगला उपयोग फार थोड्यांनी केला. २०२२ मध्ये सह्याद्रीच्या उद्योगात युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. हे कौतुकास्पद आहेच. पण द्राक्षाला प्रत असते, प्रतीला परदेशात जादा दर असतो आणि त्या दरातून शीतगृह, पॅकिंग, प्रयोगशाळा यांचा खर्च निघतो. दूध, कांदा आणि गहू यांना असा जादा दर क्वचित मिळतो. द्राक्षातले उत्तर दुधाला लावणे म्हणजे पैलवानाचा खुराक तान्ह्या बाळाला देणे.

स्थानिक उत्तराची वेस

इथे कांद्याचा विषय काढायलाच हवा. १९८० मध्ये शरद जोशींनी चाकणला कांद्यासाठी आंदोलन उभे केले तेव्हापासून नगर-नाशिकच्या शेतकऱ्याला सांगितले जाते की साठवण कर, एकत्र विक. त्याने कांदाचाळी बांधल्या. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे-भाजीपाला आणि कांदा-बटाटा बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला. म्हणजे साठवणही आली, विक्रीचे स्वातंत्र्यही आले. मग ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली आणि ती मे २०२४ पर्यंत बंद राहिली. चाळीतला कांदा चाळीत राहिला. ज्याने उपदेश ऐकून साठवण केली त्याचाच तोटा झाला. ज्याने शेतातून काढून लगेच विकला तो सुटला. अशा वेळी त्या शेतकऱ्याला ‘उद्योजकतेचा अभाव’ हे कारण सांगणे क्रूर आहे.

गायीच्या दुधाचेही तेच. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाचा राहात्यातला दर जगातल्या दूध भुकटीच्या भावाबरोबर खालीवर होतो. गावाने गोठा कितीही आदर्श केला तरी या भावावर त्याची सत्ता चालत नाही.

यावरून दोन टोकाचे निष्कर्ष निघू शकतात आणि दोन्ही मला चुकीचे वाटतात. पहिला असा की, सारे दुखणे सरकारी धोरणात आहे, तेव्हा आंदोलन हाच मार्ग. संस्था-बिंस्था म्हणजे मलमपट्टी. दुसरा असा की, आंदोलनाने काही होत नाही, शेतकऱ्याने कंपनी काढावी. पहिल्या निष्कर्षाने पुणतांब्याला पाच वर्षांनी पुन्हा धरण्यावर आणून बसवले. दुसऱ्याने राज्यात हजारो उत्पादक कंपन्यांची नोंदणी झाली, आणि त्यांतल्या कितीतरी अनुदानाच्या पहिल्या हप्त्यापुढे गेल्या नाहीत.

मला दिसणारी विभागणी वेगळी आहे. भावाची मोठी चढउतार, आयात-निर्यात, हमीभाव ही कामे राज्य आणि केंद्र यांचीच आहेत. तिथे संघटना आणि आंदोलन यांना पर्याय नाही. पण वजन, माप, प्रत, साठवण, वाटप आणि हिशेब या गोष्टी गावाच्या हातातल्या आहेत आणि त्या हातात नसतील तर वरून मिळालेला भावही खाली पोचत नाही. २०१७ चे तीन रुपये गोठ्यापर्यंत पोचले नाहीत, कारण दुधाचा काटा आणि फॅट मोजायचे यंत्र त्या गोठेवाल्याचे नव्हते. आंदोलनाने मिळवलेले धरून ठेवायला संस्था लागते, आणि संस्थेला वरच्या धोरणापासून वाचवायला आंदोलन लागते. प्रवरेच्या काळात ही दोन्ही कामे एकच माणसे करीत. आज आंदोलक कार्यकर्ता आणि प्रकल्प चालवणारा व्यवस्थापक यांची तोंडे दोन दिशांना आहेत. दोघांच्या सभांचे मांडवही वेगळे.

पुणतांब्यापुढचा प्रश्न

चांगदेवांची समाधी पुणतांब्यात आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवल्याची कथा मराठी माणसाला पाठ असते: मायना काय लिहावा हेच त्यांना ठरवता आले नाही. २०१७ चा संप हे अगदी उलट प्रकरण होते. पत्र मागण्यांनी गच्च भरलेले होते, मायनाही ठरलेला होता: मुख्यमंत्री महोदय. गावाने स्वतःला उद्देशून लिहायची बाजू तेवढी कोरी राहिली.

त्या बाजूवर काय लिहिता येईल? मी बाहेरचा अभ्यासक आहे, गावाला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण वरच्या विवेचनातून काही गोष्टी निघतात. संपाचा निर्णय ग्रामसभेने घेतला होता, म्हणजे सामूहिक निर्णयाची ताकद या गावात आहे. तीच ग्रामसभा दुधाचे माप आणि तपासणी गावाच्या ताब्यात घेण्याचा ठराव करू शकते: गावाचा बल्क कूलर, गावाचे यंत्र, फलकावर रोजचे फॅट आणि दर, आणि खाते दूध काढणाऱ्या बाईच्या नावावर. भूमिहीनालाही दोन गायी असू शकतात. म्हणून दुधाची संस्था उसाच्या संस्थेपेक्षा जास्त माणसांना आत घेऊ शकते. जवळच शिर्डी आहे. तिथे रोज हजारो भाविक जेवतात, शेकडो हॉटेले चालतात. एवढी मोठी स्थानिक बाजारपेठ महाराष्ट्रात फार थोड्या गावांच्या वाट्याला येते. परिसरातल्या उत्पादक संस्थांकडून ठरलेल्या प्रतीचा माल ठरलेल्या दराने घेण्याचे करार सार्वजनिक संस्थांनी करावेत, ही मागणी कर्जमाफीपेक्षा लहान आहे, पण तिचे उत्तर दर महिन्याला मिळते.

हे करणे सोपे नाही. संपात आठवडाभर सारे गाव एकत्र येते, कारण समोर सरकार असते. संस्थेत समोर शेजारी असतो. पाणी घातलेले दूध परत करायचे असते, थकबाकीदार भावकीतला असतो, टोकाच्या माणसाला आधी पाणी द्यायचे असते. सरकारविरुद्ध ठराव करायला धैर्य लागते. भावकीविरुद्ध नियम पाळायला त्याहून अधिक लागते. साळुंखे, उपाध्ये, विठ्ठलराव यांच्या कामाचा मोठा भाग अशाच कटकटींत गेला असणार. यशोगाथेत तो येत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की कल्पना सुचली आणि गाव बदलले.

सामाजिक उद्योजकतेच्या भाषेवरचा माझा मुख्य आक्षेप इथे येऊन थांबतो. ती भाषा माणूस शोधते: द्रष्टा, धडपड्या, पुरस्काराला लायक. पुणतांब्याच्या संपाला असा एक चेहरा नव्हता. तिथे ग्रामसभा होती आणि मोडकातोडका का होईना, सामूहिक निर्णय होता. म्हणून त्या भाषेला पुणतांबा दिसले नाही. १८७५ च्या दंग्यापासून १९०४ च्या कायद्यापर्यंत जवळजवळ तीस वर्षे गेली, आणि लोणीच्या पतपेढीपासून कारखान्यापर्यंत पंचवीस. त्या हिशेबाने २०१७ ला अजून फार दिवस झालेले नाहीत. पुणतांब्याने संपात विचारलेला प्रश्न आजही उभा आहे: आमचा माल मोजणार कोण? त्याचे उत्तर ‘आम्ही’ असे देणारी वही ज्या दिवशी त्या गावात लिहिली जाऊ लागेल, त्या दिवशी पुणतांब्याला कुठल्या यादीत जागा मिळवण्याची गरज उरणार नाही.